खोडून दिलेले पेपर

९ ऑगस्ट

प्रिय खारू,

मामांनी तुझा मोबाईल दुकानातल्या कपाटात कुलूपबंद केल्याची बातमी आईकडून कळली. परीक्षा होईपर्यंत मिळणार नाही म्हणे. छान झालं. आता मला पत्र लिहावं लागणार आणि तुला माझं अक्षर वाचावं लागणार. डॉक्टर व्हायचंय ना? मग ही पहिली चाचणी समज.

सोबतचा गठ्ठा जपून उघड. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे हे सगळे जुने पेपर, माझ्या वेळेपर्यंतचे. मी यांच्याच जिवावर पास झालो. क्लासवाले काय वाट्टेल ते सांगोत, खरा गुरू म्हणजे जुना पेपर. पुस्तक वाचून कळतं की आपल्याला सगळं येतं, आणि पेपर सोडवून कळतं की काहीच येत नाही.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. आमच्या ताईचा गणवेश आईने उसवून धाकट्या छोटीला घातला, माझा कंपास तुझ्याकडे आला. वापरायचं, पुसायचं, पुढे द्यायचं. तसे हे पेपरही. सगळे मी पेन्सिलने सोडवले होते, आणि मी पेन्सिल कशी धरतो ते तू पाहिलंयस, कागदाशी वैर असल्यासारखी. अख्खा रविवार खोडरबर घेऊन बसलो होतो. बोटं दुखायला लागली, पण आता माझं एकही उत्तर तुला दिसायचं नाही.

घड्याळ लावून सोडव. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून मला पाठव, मी तपासून कळवतो. उत्तरतालिका मुद्दाम माझ्याकडेच ठेवल्यात. तुझ्यावर विश्वास आहे, तुझ्या डोळ्यांवर नाही.

मामा-मामींना नमस्कार.

तुझा दादा


२ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आईने, मी आणि शेजारच्या औषधवाल्याने मिळून वाचलं. शेवटी औषधवाल्यालाच जमलं. म्हणाला, मुलगा नक्की चांगला डॉक्टर होणार.

गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पेपर सोडवला. हा तुझा नाही दिसत, कुणाच्या तरी पेपरची झेरॉक्स आहे आणि कोरी आहे. उत्तरं सोबत पाठवतेय. फार आशा ठेवू नकोस. भौतिकशास्त्राशी माझं कधी जमलंच नाही, आणि वनस्पतींची कुळं परीक्षेच्या दिवशी एकमेकांच्या घरी राहायला जातात.

घरी आईची शिलाई मशीन दिवसभर धडधडते, म्हणून मी दुकानात बसते. समोर गिऱ्हाईकं चष्मे लावून आरशात तोंडं वाकडी करतात, आणि मागे फळीच्या आड बाबांचं काच घासायचं टेबल आहे, तिथे मी. तिथला दिवा बाबांनी भिंतीला अगदी खाली, टेबलाला टेकेल इतका खाली लावलाय. काचेवरचा ओरखडा समोरून दिसत नाही, आडव्या उजेडातच दिसतो. डोळ्यांना जरा त्रास होतो, पण शांतता असते.

तुला एक सांगायचं राहिलं. इथल्या नर्सिंग कॉलेजात माझं नाव लागलंय. जानेवारी संपायच्या आत होकार कळवायचा आहे. आईला तेच हवंय. बाबा म्हणाले, दादाला विचारू, त्याला या जगातलं कळतं. त्यांनी मला एक वर्ष दिलंय, एकच. नाही जमलं तर दुकानात बसायचं, असं सरळ सांगितलंय. रागावून नाही, हिशोबाने. मला डॉक्टर व्हायचंय दादा. पण ते नाही झालं तर काहीतरी व्हायचं आहे. चष्म्याच्या दुकानातली मुलगी, एवढंच नाही.

तुझी खारू


१४ सप्टेंबर

प्रिय खारू,

निम्मेसुद्धा नाहीत! हृदयाला कप्पे किती यावर तू दोन वेगवेगळी उत्तरं दिलीयस, एकाच पेपरात. मामांना मी अजून काही बोललो नाही. पहिल्या पेपराला सगळ्यांचीच दाणादाण उडते, हे धरून चालू. उरलेले नीट सोडव. घाई करू नकोस, प्रश्न वाच, मग पर्याय वाच.

नर्सिंगचं जानेवारीत बघू. आत्ता डोक्यात दोन-दोन गोष्टी नकोत.

दादा


२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

दोन पेपरांची उत्तरं पाठवतेय. मला काय झालंय कळत नाही. झेरॉक्सच्या त्या पेपराला मी रडकुंडीला आले होते, आणि हे दोन्ही असे सुटले की वेळ उरला. प्रश्न वाचून होईपर्यंत उत्तर ठरलेलंच असतं. चार पर्यायांवरून नजर फिरते आणि एकावर जाऊन बसते. का, विचारशील तर सांगता येणार नाही. भौतिकशास्त्राचंही तसंच, आणि ते मला कळत नाही हे तुला माहीत आहे.

अभ्यास होतोय, असं म्हणायचं का याला? बाबा मात्र खूश आहेत. काल एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आमची मुलगी पेपर वाचत नाही, नुसता बघते.

तू आधी तपास, मग बोल.

खारू


१ नोव्हेंबर

खारूबाई, खारूसाहेब, डॉक्टर खारू,

वाकून नमस्कार! मी दोनदा तपासले. तू माझ्या त्या वेळच्या गुणांना गाठलंयस, एका पेपरात तर तंतोतंत. आणि गंमत ऐक. माझी जिथे दांडी उडाली होती, तिथेच तुझीही उडाली. तो भिंगाचा प्रश्न, तो आम्लाचा, आणि बेडकाच्या रक्ताभिसरणाचा तो फसवा प्रश्न. माझ्या मनात तेव्हा जो चुकीचा पर्याय आला, तोच तुझ्याही आला. रक्ताचं नातं म्हणतात ते असं. आपल्या घराण्याला भिंग कळत नाही, आणि तुझा बाप चष्मे विकतो!

उत्तर आपोआप ठरतं म्हणतेस, त्यालाच तयारी म्हणतात. जुने पेपर असंच काम करतात, न कळता अंगात भिनतात. मी हॉस्टेलमधल्या सगळ्यांना सांगितलं, माझी मामेबहीण क्लासशिवाय एवढे गुण काढते म्हणून. कुणाचा विश्वास बसेना. मामांना फोन केला. तुझे गुण त्यांनी मला दोनदा सांगायला लावले. तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय.

लगे रहो!

दादा


१२ डिसेंबर

प्रिय दादा,

अजून एका पेपराची उत्तरं सोबत आहेत. त्यालाही चांगले पडतील. माहीत आहे.

आज तुला दुकानातली गोष्ट सांगते. बाबांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे ना, वरती मोठी, खाली बारीक. एक ट्रक चालवणारा आला होता. त्याला परवान्यासाठी डोळे ठीक असल्याचा कागद हवा होता. त्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. बाबा उठले, आतून दुसरा तक्ता आणून लावला, आणि त्या माणसाला मधलंसुद्धा दिसेना. तो बाकावर बसून आधीच्या गिऱ्हाइकांचं ऐकत होता, ऐकून ऐकून ओळ पाठ झाली. लबाड नव्हता रे. कसनुसा झाला आणि म्हणाला, मला खरंच वाटलं की मला दिसतंय.

दादा, तुझे पेपर मला त्या तक्त्यासारखे झालेत असं वाटतं. परवा मी एक पेपर घरी, आईच्या मशीनशेजारी खिडकीत बसून सोडवायला घेतला, तर पहिल्या पानावरच अडकले. दुकानातल्या टेबलावर बसले की सुटतो. मला आता त्या गुणांवर भरवसा वाटत नाही. तू कॉलेजात गेल्यानंतरच्या वर्षांचे पेपर मिळतील का? जे तू सोडवलेलेच नाहीत, ते. एखादाच पाठव, पण कोरा. इथे मिळत नाहीत आणि बाबांना विचारलं तर म्हणतात, दादाने दिलेत ते काय कमी आहेत?

नर्सिंगच्या होकाराचे दिवस जवळ आलेत. कोरा पेपर सोडवून मग ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. लवकर पाठव.

खारू


६ जानेवारी

प्रिय खारू,

वॉर्डातून आत्ताच आलोय, पाय गळालेत, म्हणून थोडक्यात.

मामांचा ट्रकवाला भारी! मित्रांना सांगितला, लोळून हसले.

पेपर ओळखीचे वाटतात म्हणून घाबरतेस? अगं वेडे, तेच तर हवंय! दरवर्षी तेच प्रश्न कपडे बदलून येतात. कोऱ्या पेपराचं खूळ डोक्यातून काढ, पेपर तो पेपर. आणि घरी मशीनच्या खडखडाटात कुणाला सुटेल? दुकानातच बस. परीक्षा जवळ आली की असं सगळ्यांचंच होतं.

नर्सिंगबद्दल मामांचा फोन आला होता. मी स्पष्ट सांगितलं, ती जागा सोडा. ज्या मुलीला एवढे गुण पडतात तिने डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन का फिरायचं? मी रोज बघतो ना इथे नर्सेसची काय अवस्था असते. शिवाय हाताशी सोपी जागा असली की माणूस जीव तोडून अभ्यास करत नाही. मामी जरा कुरकुरल्या म्हणे, पण मामांना पटलं.

आता मागे वळून बघू नकोस.

दादा


५ फेब्रुवारी

दादा,

बाबांनी नर्सिंग कॉलेजला नकार कळवला. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, "दादा म्हणतो तसं करूया ना?" मी काय बोलणार होते? तोंड उघडलं असतं तर एवढे गुण कुठून आले ते सांगावं लागलं असतं, आणि ते मलाच अजून धड सांगता येत नाही. तुला सांगायचा प्रयत्न केला, तू हसलास.

आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलते, बाबांशी नाही.

कोरा पेपर पाठवला नाहीस. आता पाठवू नकोस. परीक्षेतच बघेन.

खारू


१७ जून

खारू,

निकाल आईकडून कळला. तुझ्याकडून कळायला हवा होता.

मला समजतच नाहीये. सरावाला एवढे गुण आणि प्रत्यक्षात हे? हे तर त्या झेरॉक्सच्या पेपरासारखे पडले! तू घाबरलीस का? गोळे चुकीच्या ओळीत काळे केलेस का? काहीतरी कारण असेल ना? मी ज्यांना ज्यांना तुझं कौतुक सांगितलं होतं, ते आता विचारतायत. मामा फोनवर फक्त "बरं, बरं" म्हणत होते. एक वर्ष त्यांनी तुझ्यासाठी काढलं, खारू. तू त्यांना मान खाली घालायला लावलीस. रागावू नकोस, पण मोठा भाऊ म्हणून बोललंच पाहिजे.

आणि एक काम. तो पेपरांचा गठ्ठा परत पाठव. छोटी यंदा तयारीला लागतेय, आई म्हणाली तिला उपयोगी पडतील.

दादा


२९ जून

दादा,

मोबाईल परत मिळालाय, पण मी मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर तू मधेच बोलतोस.

गठ्ठा पाठवलाय. छोटीला द्यायच्या आधी एक कर. टेबलावरचा दिवा आडवा कर, कागदाला टेकेल इतका, आणि मग कुठलंही पान बघ. तू पेन्सिलचं शिसं पुसलंस, ते गेलं. पण तुझ्या हाताचा जोर कागदात तसाच आहे. प्रत्येक प्रश्नाच्या चारपैकी एका पर्यायाभोवती खाच आहे. समोरून काही दिसत नाही. बाबांच्या काच तपासायच्या दिव्याखाली सगळं दिसतं. मी वर्षभर कुठे बसून पेपर सोडवले, ते मी दुसऱ्या कुणाला नव्हे, तुलाच लिहून कळवलं होतं.

सुरुवातीला मला खरंच कळलं नाही. नजर जायची, हात जायचा, मला वाटायचं मी हुशार झाले. डिसेंबरात कळलं. एके दिवशी बोट फिरवलं आणि बोटाला लागलं. त्या संध्याकाळी मी ट्रकवाल्याची गोष्ट तुला लिहिली. याहून उघड लिहायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण बाबा गिऱ्हाइकांना माझे गुण सांगत होते, तू हॉस्टेलात सांगत होतास, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याविषयी कुणी काही चांगलं सांगत होतं. मला ते एकदम मोडवलं नाही. म्हणून कोरा पेपर मागितला. वाटलं, त्यात मी आपटेन, तू स्वतः तपासशील, आणि नर्सिंगची जागा वाचेल. एक कोरा पेपर, दादा. तुझ्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात मिळत असेल.

तू जिथे चुकलास तिथेच मी चुकले. त्याला तू रक्ताचं नातं म्हणालास. उत्तरतालिका तुझ्यापुढे होती, माझी उत्तरं तुझ्यापुढे होती, स्वतःच्या चुका तुला तोंडपाठ होत्या. शेजारच्या मुलीने असे गुण आणले असते तर तू लगेच विचारलं असतंस, कुठून उतरवलंस? मला विचारलं नाहीस, कारण मी चांगली निघाले की तू चांगला गुरू ठरत होतास.

मी घाबरले नव्हते आणि गोळेही चुकले नव्हते. मला जेवढं येतं तेवढेच गुण पडले.

खारू


१५ जुलै

खारू,

पाहिलं. तू म्हणतेस ते खरं आहे. दिवा आडवा करून एकेक पान उलटलं.

पण मला तुझाही राग आलाय. डिसेंबरात कळलं होतं, तर सरळ एका वाक्यात का नाही लिहिलंस? तक्ते आणि ट्रकवाले कशाला? मी दिवसभर वॉर्डात असतो, मला कोडी सोडवायला वेळ नसतो. तू गप्प राहिलीस आणि मी तोंडघशी पडलो. असो. जे झालं ते झालं, दोघांचंही चुकलं म्हणू.

मामांना हे खाचांचं वगैरे सांगू नकोस. त्यांना उगाच वाईट वाटेल. शिवाय ते आईला बोलतील आणि बहीण-भावांत विनाकारण काहीतरी होऊन बसेल. तू परीक्षेत घाबरलीस असंच त्यांना वाटतंय, तर वाटू दे.

छोटीची काळजी करू नकोस. कालच तिला नवाकोरा संच आणून दिला, अगदी गेल्या वर्षापर्यंतचे पेपर आहेत त्यात. वेळेवर कळलं हे एक बरं झालं.

आणि तू हिंमत सोडू नकोस. अजून एक वर्ष बस. छोटीचं सोडवून झालं की तोच संच तुला पाठवतो, या वेळी तिला पेपरवर काही लिहूच देणार नाही. मामा नाही म्हणतील, पण मी बोलतो त्यांच्याशी.

दादा


३ ऑगस्ट

दादा,

उत्तर द्यायला उशीर झाला. आता सकाळपासून मी पुढच्या काउंटरवर असते. बाबा मागे काच घासतात. फळीच्या आडची जागा मला नकोशी झालीय, आणि बाबा त्याचं कारण विचारत नाहीत. त्यांना वाटतं मला पेपरांची आठवण येते.

छोटीला नवा संच आणलास ते वाचलं. वेळेवर कळलं म्हणतोस, तेही वाचलं. वेळेवर कळलं ते माझ्यावरून कळलं, दादा. नवीन काचा आल्या की बाबा आधी एक वाया घालवून बघतात, कुठे तडकते ते. मग बाकीच्या जपून कापतात. मला छोटीचं वाईट वाटत नाही. तिचं चांगलं होवो, ती गुणी आहे, आणि तिला भाऊ तूच आहेस. मलाही तूच होतास. पण मी मागितला तेव्हा पेपर तो पेपर होता, आणि तिच्यासाठी तुला लगेच दुकान सापडलं.

परवा एक मुलगी चष्मा करायला आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गणवेशातच आली होती. फ्रेम निवडता निवडता मोकळेपणाने बोलत होती. प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं होतं, आशा सोडली होती, आणि फेब्रुवारीत अचानक कुणीतरी जागा सोडल्याचं कळवलं गेलं. म्हणाली, "कोण होती देव जाणे, तिचे उपकार झाले." मी तिची नाकावरची पट्टी नीट बसवून दिली. तिने विचारलं, "तू काय शिकतेस?" मी म्हटलं, "मी इथेच असते." आई बाबांचा डबा घेऊन आली होती, आतल्या दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस म्हणालास म्हणून नव्हे. रोज दुकान उघडताना ते कुणा ना कुणाला सांगतात की भाचा डॉक्टर होतोय. मुलीचं सांगण्यासारखं काही उरलं नाही, निदान भाच्याचं तरी असू दे. म्हणून मी घाबरट ठरलेय, आणि ठरू दे.

अजून एक वर्ष बस म्हणतोस. मी बसेन की नाही, कशावर बसेन, ते माझं मी बघेन. काल शेजारच्या औषधवाल्याच्या मुलाने बाहेरगावाहून गेल्या वर्षीचा कोरा पेपर आणून दिला. दुकान बंद केल्यावर, साध्या दिव्याखाली, पहिलं पान सोडवायला घेतलं. वाईट गेलं. पण ते माझं वाईट होतं.

तुझ्याकडून आता मला पेपर नकोत, उत्तरं नकोत, सल्ला तर नकोच. एकच मागते. बाबांशी बोलू नकोस. ते अजूनही तुझं ऐकतात.

खारू